हे कार्ड बसेल का?

पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झवर चालायचा. पाच नाही, साडेचार नाही, ४.७७. इंजिनिअरिंगला असताना मायक्रोप्रोसेसरच्या पेपरसाठी आम्ही हा आकडा पाठ केला आणि परीक्षेत लिहिला. तो असा विचित्र का, हे वर्गात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्‌झपर्यंत चालू शकत होता. मग हातातला वेग का सोडला?

उत्तर टीव्हीत आहे. अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत रंगाची माहिती ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झ या ठरलेल्या लहरीवरून जाते. आयबीएमला आपलं रंगीत ग्राफिक्स कार्ड घरच्या टीव्हीलाही जोडता यायला हवं होतं. म्हणून त्यांनी बोर्डवर या आकड्याच्या चौपट, म्हणजे १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल बसवला. त्याला चारने भागलं की टीव्हीचा रंग मिळतो आणि तिनाने भागलं की ४.७७. एकाच क्रिस्टलमध्ये दोन्ही कामं झाली, दुसऱ्याचा खर्च वाचला. हा १४.३१८चा ठोका प्रत्येक स्लॉटमध्ये एका स्वतंत्र पिनेवर पोचवलेला होता, का तर कार्डाला लागेल. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत वेगळी होती, तिचा आकडाही वेगळा. तरी भारतात आलेले सुरुवातीचे पीसी अमेरिकन टीव्हीच्याच तालावर चालत होते.

तर ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांची पत्रिका जुळवण्याचा उद्योग हा असा पहिल्या दिवसापासूनचा आहे. आज कुणी नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालं की पहिला प्रश्न असतो, ‘माझ्या बोर्डवर हे बसेल का?’ प्रश्न तांत्रिक वाटतो. पण गेल्या चाळीसेक वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कोण देणार यावरून कंपन्या एकमेकींशी भांडल्या आहेत, काहींनी त्यात हातातला बाजार घालवला आहे, आणि या भांडणाचा हिशोब शेवटी आपल्या खिशातून चुकता झाला आहे. मला या सगळ्यात खरा रस आहे तो मदरबोर्डवरच्या त्या रिकाम्या खाचेत.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पीसी जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रटोन इथल्या, डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाने तो साधारण वर्षभरात उभा केला होता. वेळ इतका कमी होता की सगळं स्वतः बनवण्याची आयबीएमची जुनी सवय सोडावी लागली. प्रोसेसर इंटेलचा, बाकीच्या चिपाही बाजारात मिळणाऱ्या. मदरबोर्डवर पाच स्लॉट होते, आणि गंमत म्हणजे पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय मदरबोर्डवर नव्हतीच. ती कार्ड घेऊन करायची. दोन पर्याय होते. एक एमडीए, फक्त अक्षरं दाखवणारं, एकरंगी, पण वाचायला सुबक. दुसरं सीजीए, चित्रं काढणारं, ३२० बाय २०० ठिपक्यांत चार रंग. ऑफिसवाले पहिलं घ्यायचे. त्याच कार्डावर प्रिंटरचा पोर्टही होता, हे कारणही असणार.

रिकामे स्लॉट ठेवणारी आयबीएम पहिली नव्हती. १९७५च्या अल्टेअरमध्ये शंभर पिनांचे स्लॉट होते, १९७७च्या ॲपल टूमध्ये आठ. पण आयबीएमने एक जास्तीची गोष्ट केली. पीसीचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल त्यांनी विकायला ठेवलं आणि त्यात बोर्डचे सर्किट-नकाशे, स्लॉटच्या ६२ पिनांपैकी कुठली कशासाठी, बायॉसचा संपूर्ण कोड, असं सगळं छापलं. पुस्तक विकत घ्या, कार्ड बनवा, विका. परवानगी नको, फी नको.

खाच उघडी ठेवली की तिच्यात काय येऊन बसेल ते ठेवणाऱ्याला माहीत नसतं. १९८२ साली हर्क्युलिस नावाचं कार्ड आलं. ते करणारे वॅन सुवन्नुकुल थायलंडचे होते, आणि त्यांना आपल्या पीसीवर थाई लिपी हवी होती. एमडीएची सुबक अक्षरं आणि सीजीएची चित्रं काढायची क्षमता हे दोन्ही एका कार्डात आणल्याशिवाय ते जमणार नव्हतं. ते त्यांनी आणलं, आणि कार्ड अमेरिकन ऑफिसांत धडाधड खपलं. थाई न येणाऱ्या लोकांना त्यावर तक्ते आणि आलेख छान दिसत होते!

आपलीही गोष्ट अशीच आहे. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम मोहन तांबे यांच्याबरोबर तिथे आलं आणि जिस्ट कार्ड लोकांपर्यंत पोचलं. हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉसवर चालणाऱ्या, फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणाऱ्या डीबेस, वर्डस्टारसारख्या प्रोग्रॅमांत देवनागरी उमटायची. प्रोग्रॅमला पत्ताही नसायचा. आज आपण फोनवर अंगठ्याने मराठी टाइप करतो तेव्हा ती सोय आकाशातून पडल्यासारखी वाटते. पण पीसीच्या पडद्यावर आपली लिपी आली ती कुणीतरी फ्लोरिडात रिकाम्या सोडलेल्या एका खाचेतून. मायक्रोसॉफ्ट किंवा आयबीएम देवनागरीचा विचार कधी करतील याची वाट बघत बसावं लागलं नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता भांडणाकडे. १९८४च्या पीसी एटीमध्ये आयबीएमने स्लॉट ८ बिटांवरून १६ बिटांवर नेला. त्यांनी तो नेला कसा, हे बघण्यासारखं आहे. जुना ६२ पिनांचा स्लॉट आहे तसाच ठेवला आणि त्याच्या पुढे ३६ पिनांचा एक छोटा तुकडा जोडला. नवं कार्ड दोन्हींत बसायचं, जुनं कार्ड पहिल्या भागात. मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि माझ्या कामात जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना सांभाळून घेणं हे सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात कमी कौतुकाचं काम आहे. त्यामुळे असं काही नीट केलेलं दिसलं की मी दोन मिनिटं थांबून बघतो.

तोपर्यंत कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी पीसीच्या नकला काढल्या होत्या, आणि त्या आयबीएमपेक्षा स्वस्त आणि अनेकदा वेगवान होत्या. आयबीएम चिडली. एप्रिल १९८७मध्ये तिने पीएस/२ ही नवी मालिका आणली आणि तिच्यात मायक्रो चॅनेल नावाचा नवा स्लॉट. तांत्रिकदृष्ट्या तो सरस होता. जुन्या कार्डांवर बारीक जंपर हलवून इंटरप्टचे नंबर ठरवावे लागत, आणि दोन कार्डांनी एकच नंबर धरला की मशीन गप्प. मायक्रो चॅनेलला जंपर नव्हते, सगळं फ्लॉपीवरून ठरायचं. पण जुनं एकही कार्ड त्यात बसायचं नाही, आणि तो वापरायचा तर आयबीएमला रॉयल्टी द्या, शिवाय आतापर्यंत विकलेल्या नकलांचेही पैसे द्या, अशी अट होती.

सप्टेंबर १९८८मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या. एचपी, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेटी वगैरे. पत्रकारांनी त्यांना ‘गँग ऑफ नाइन’ म्हटलं. त्यांनी ३२ बिटांचा आयसा-वाढीव, म्हणजे ईआयसा स्लॉट जाहीर केला. (जुन्या स्लॉटला ‘आयसा’ हे नावही याच लोकांनी तेव्हा दिलं, कारण ‘एटी’ हे नाव आयबीएमच्या मालकीचं होतं. बारसं झालं तेव्हा बाळ सात वर्षांचं होतं.) ईआयसाची करामत अशी की स्लॉटच्या आत संपर्काच्या पट्ट्या दोन मजल्यांवर होत्या. जुनं कार्ड वरच्या मजल्यावर अडायचं आणि चालायचं, नवं कार्ड खाली तळापर्यंत जायचं. बोर्ड महाग पडत असल्यामुळे ते मुख्यतः सर्व्हरमध्येच राहिलं. पण मायक्रो चॅनेल एकटं पडलं आणि पीसी कसा असावा हे ठरवायचा हक्क आयबीएमच्या हातातून गेला तो गेलाच. एक मात्र खरं, पीएस/२ बरोबर आलेलं व्हीजीए सगळ्यांनी उचललं. तो निळा, पंधरा पिनांचा कनेक्टर अजूनही एखाद्या सरकारी कार्यालयातल्या प्रोजेक्टरला लटकलेला दिसेल.

मग विंडोज आलं आणि ग्राफिक्स कार्डाचं काम एकदम वाढलं. साधा हिशोब करा. १०२४ बाय ७६८ ठिपके, प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे एका पडद्याला पाऊण मेगाबाइट. आयसा स्लॉटमधून व्यवहारात सेकंदाला आठ मेगाबाइटच्या आसपास जायचे. म्हणजे पूर्ण पडदा बदलायचा तर सेकंदाला दहा-अकरा वेळा, तेही बाकी कुणी स्लॉट वापरत नसेल तर. प्रोसेसर कितीही दणकट घ्या, खिडकी माऊसने ओढली की ती तुटक तुटकच सरकणार.

१९९२मध्ये यावर जो तोडगा निघाला तो मला या इतिहासातला सगळ्यात शिकवणारा वाटतो. व्हेसा या ग्राफिक्सवाल्यांच्या संघटनेने लोकल बस आणली. कल्पना सरळ होती: कार्ड थेट ४८६ प्रोसेसरच्या स्वतःच्या तारांना जोडा. मध्ये कुणी नाही. वेग एकदम प्रोसेसरचा, ३३ मेगाहर्ट्‌झ, ३२ बिट. आयसा स्लॉटच्या पुढे आणखी एक तुकडा लावला. तो तुकडा नेमका मायक्रो चॅनेलच्या जातीचा कनेक्टर होता, आयबीएमची हरलेली लढाई अशी मागच्या दाराने कामी आली. कार्ड इतकं लांब झालं की बसवताना बोर्ड वाकायचा.

स्वस्त होतं, वेगवान होतं, लोकांनी भरपूर घेतलं. पण थेट प्रोसेसरच्या तारांना जोडणं म्हणजे प्रोसेसरच्या नशिबाशी नशीब बांधणं. ३३ मेगाहर्ट्‌झवर दोन-तीन कार्डं चालायची. ५० मेगाहर्ट्‌झचा ४८६ घेतला की एकही नीट चालेल याची खात्री नसायची. मार्च १९९३मध्ये पेंटियम आला, त्याच्या तारा ६४ बिटांच्या आणि बोलण्याची पद्धत निराळी. व्हेसा लोकल बस दोन-तीन वर्षांत संपली. महागडं कार्ड घेतलेल्यांना प्रोसेसर बदलताना कार्डही टाकून द्यावं लागलं.

इंटेलने १९९२मध्येच पीसीआय या नव्या बसचा आराखडा जाहीर केला होता. त्यात कार्ड आणि प्रोसेसर यांच्या मध्ये एक चिप होती, पूल. पुलाच्या अलीकडे पीसीआयची ठरलेली भाषा, पलीकडे प्रोसेसर कुठलाही. मध्ये माणूस घातला की काम हळू होतं असं आपल्याला वाटतं. इथे उलटं झालं. पुलामुळे कार्डाला प्रोसेसरशी देणंघेणं उरलं नाही, म्हणून तेच स्लॉट पुढे ॲपलच्या पॉवर मॅकमध्ये आणि डेकच्या अल्फा मशीनमध्येही आले. प्रत्येक कार्ड चालू झाल्यावर आपलं नाव-गाव सांगायचं: बनवणाऱ्याचा नंबर, वस्तूचा नंबर. जंपर गेले. इंटेलने स्वतःसाठी घेतलेला नंबर ८०८६ आहे, त्यांच्या जुन्या प्रोसेसरचा. तुमच्या लॅपटॉपमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून बघा, अजून तोच दिसेल.

एवढा वेळ मी स्लॉटबद्दल बोलतोय, पण प्रोसेसरच्या सॉकेटचंही तेच रामायण आहे, आणि त्यात एक माणूस पुण्यात जन्मलेला. विनोद धाम. पेंटियमच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता, ‘पेंटियमचे जनक’ असंच त्यांना म्हटलं जातं. १९९५मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. नेक्सजेनला एएमडीने विकत घेतलं. नेक्सजेनचा पुढचा प्रोसेसर स्वतःच्या वेगळ्या सॉकेटसाठी आखलेला होता. एएमडीने तो बदलून सॉकेट ७मध्ये, म्हणजे पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसेल असा केला, आणि एप्रिल १९९७मध्ये के६ म्हणून बाजारात आणला. म्हणजे ज्यांनी पेंटियम घडवला त्यांनीच त्याच्या जागी बसेल असा प्रतिस्पर्धी घडवला. सॉकेट ७ हे मोठं मोकळं दुकान होतं, इंटेल, एएमडी, सायरिक्स, कुणाचाही प्रोसेसर आणा. बोर्ड तोच.

इंटेलने पुढच्याच महिन्यात दुकान बदललं. मे १९९७चा पेंटियम टू सॉकेटमध्ये बसतच नव्हता. तो कॅसेटसारख्या खोक्यात होता आणि स्लॉट १मध्ये उभा बसायचा. त्याची बस पेटंटांनी बांधलेली, इतरांना मनाई. आणि त्याच वर्षी इंटेलने ग्राफिक्ससाठी नवा, फक्त एकाच कार्डाचा स्लॉट काढला, एजीपी. तो मिळायचा पेंटियम टूच्या बोर्डवर. म्हणजे चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं तर बोर्ड बदला, बोर्ड बदलला की प्रोसेसर आमचाच. कार्डाचं आमिष दाखवून प्रोसेसर विकणं, दुसरं काय! एएमडीवाल्यांनी तैवानच्या चिपसेट कंपन्यांना हाताशी धरून १९९८मध्ये ‘सुपर ७’ काढलं, तेच जुनं सॉकेट, बस १०० मेगाहर्ट्‌झची, वर एजीपी. चालायचं, पण कुरकुरत. पुढच्या वर्षी त्यांनी अ‍ॅथलॉनसाठी स्लॉट ए काढला, तेव्हा इंटेलच्या स्लॉट १चाच कनेक्टर उलटा फिरवून वापरला. आकार तोच, वीज-संकेत वेगळे.

या एजीपीच्या आणि नंतरच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या आखणीत ज्यांचं नाव येतं ते अजय भट्ट. यूएसबीसाठी ते जास्त माहीत आहेत. ते बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्या विद्यापीठाची तंत्रशाखा म्हणजे सयाजीरावांनी १८९०मध्ये सुरू केलेल्या कलाभवनाचा पुढचा अवतार. दादासाहेब फाळके छायाचित्रण वगैरे शिकले तेही कलाभवनातच. पडद्यावर चित्र हलवण्याशी त्या वास्तूचं काहीतरी नातं असावं.

एजीपीची आठवण जुन्या लोकांना असते ती खाचांमुळे. पहिली कार्डं ३.३ व्होल्टवर, नंतरची १.५ व्होल्टवर. चुकीचं कार्ड बसूच नये म्हणून कार्डाला एका जागी खाच आणि स्लॉटमध्ये त्या जागी आडवी कांडी. उत्तम योजना. पण काही कार्डांना बनवणाऱ्यांनी दोन्ही खाचा पाडल्या आणि आत मात्र ३.३चंच काम. असं कार्ड फक्त १.५ व्होल्ट सोसणाऱ्या बोर्डमध्ये अलगद बसायचं, आणि बटण दाबलं की बोर्ड जायचा. ‘बसतं म्हणजे चालतं’ हा समज तिथे जळाला.

२००४मध्ये पीसीआय एक्स्प्रेस प्रत्यक्ष बोर्डांवर आलं, आणि भांडण बरंच निवळलं. एकाच रुंद रस्त्याऐवजी वेगवेगळ्या लेन. कार्ड आणि स्लॉट चालू होताना आधी एकमेकांना विचारतात, तुला किती लेन येतात, कितव्या पिढीचा वेग जमतो? दोघांना जमेल त्यावर एकमत होतं आणि काम सुरू. आजचं कार्ड पंधरा वर्षांपूर्वीच्या स्लॉटमध्ये बसतं आणि बहुतेक वेळा चालतंही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील) असेंबल्ड पीसीचा जो धंदा वाढला, तो याच ‘कुणाचंही कुठेही’ बसण्याच्या जोरावर.

पण मग मधला पूल हळूहळू नाहीसा झाला. आधी २००३मध्ये एएमडीने मेमरीचा कारभार प्रोसेसरच्या आत घेतला. सप्टेंबर २००९मध्ये इंटेलने ग्राफिक्सच्या सोळा लेनही आत घेतल्या. वेगासाठी हे बरोबरच होतं. परिणाम असा की कार्डाला किती लेन मिळणार हे आता प्रोसेसर ठरवतो. बोर्डवरचा लांब स्लॉट फक्त लांब असतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये रायझन ५ ७६०० टाकला तर कार्डाला सोळा लेन. त्याच बोर्डवर, त्याच सॉकेटमध्ये रायझन ५ ८५००जी टाकला तर चार. खोक्यावर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं. दुसऱ्या बाजूने कार्डंही हात आखडता घेतात. २०२२च्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीला मुळात चारच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डवर त्यातून सेकंदाला आठेक गिगाबाइट जातात, तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर चार. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. गेमने ती भरली की उरलेलं सामान याच चिंचोळ्या वाटेने ये-जा करणार. स्वस्त कार्ड घेणारा माणूस जुन्याच बोर्डवर असतो, हे बनवणाऱ्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

माझा एक मावसभाऊ डिप्लोमा करतो आणि ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन शिकतो. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने ऑफिसातून निघालेला एका मोठ्या ब्रँडचा डेस्कटॉप घेतला होता. त्याने व्हॉट्सॲपवर आतले फोटो पाठवले. ‘दादा, ह्यात कार्ड बसंल का?’ सोळा लेनचा स्लॉट होता, तिसऱ्या पिढीचा. त्याची अडचण नव्हती. ब्लेंडर सगळा देखावा एकदा कार्डाच्या मेमरीत भरतं आणि मग तिथेच राबत बसतं, वाटेच्या रुंदीने फारसा फरक पडत नाही. अडचण होती ती पॉवर सप्लायची. त्या कंपनीने बाजारात मिळणारा चोवीस पिनांचा कनेक्टर न वापरता स्वतःचाच काढला होता. कॅबिनेट बारीक, आणि पॉवर सप्लायचा आकारही घरचा. मोठं कार्ड घ्यायचं तर पॉवर सप्लाय बदला, तो बदलायचा तर बोर्ड बदला, बोर्ड बदलायचा तर कॅबिनेट. १९८७चा पीएस/२ आठवला. फरक एवढाच की आयबीएमने स्लॉट बंद केला होता, यांनी स्लॉट उघडा ठेवून वीज बंद केली.

स्लॉटमधून नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्या आत भागेल असं, वरून वायर न लागणारं ठेंगणं कार्ड शोधणं एवढाच मार्ग होता. ७० वॅटचं, ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० त्यात बसलं. त्याला आठच लेन आहेत, पण वर सांगितलं तसं त्याच्या कामाला चालतात. त्याच्याकडून मी आधी बायॉस अपडेट करून घेतलं, कारण जुनी बायॉस नव्या कार्डाशी बोलायला कधीकधी नकार देते, आणि तेव्हा पडदा काळा राहतो, दुसरं काहीही कळत नाही.

बायॉसचं निघालंच आहे तर एएम४ची हकिकत सांगायला हवी. २०१७मध्ये पहिले रायझन प्रोसेसर दुकानात आले तेव्हा हे सॉकेट २०२०पर्यंत चालवू असा शब्द एएमडीने दिला होता. मे २०२०मध्ये त्यांनी जाहीर केलं की येणारे नवे प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० या बोर्डांवर चालणार नाहीत. सॉकेट तेच, पिना त्याच, स्लॉट तेच. कारण काय, तर बोर्डवरची बायॉस ठेवायची चिप १६ मेगाबाइटची. इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची ओळख त्यात मावत नाही. ही अडचण खोटी नव्हती. पण नवा प्रोसेसर येईल तेव्हा फक्त तो बदलू, अशा हिशोबाने बी४५० घेतलेले लोक भडकले. दोन आठवड्यांच्या आत एएमडीने निर्णय फिरवला. ज्यांना हवी त्यांना वेगळी बायॉस देऊ, ती टाकली की काही जुन्या प्रोसेसरांची ओळख पुसली जाईल, असं ठरलं. जागा नसेल तर कुणाला घराबाहेर काढायचं ते घरमालकाने ठरवावं. मला हा तोडगा आवडतो.

त्याआधी, २०१९मध्ये, उलटं झालं होतं. काही जुन्या बोर्डांवर नव्या बायॉसने पीसीआय एक्स्प्रेसची चौथी पिढी चालू होताना दिसली, लोक खूश झाले, आणि एएमडीने ती सोय काढून घेतली. जुन्या बोर्डवरच्या तारा त्या वेगासाठी तपासलेल्या नाहीत, कुणाकडे चालेल, कुणाकडे नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. इथे मी एएमडीच्या बाजूने आहे. एजीपीच्या त्या दोन खाचांची आठवण असलेला कुणीही असेल.

२०२२मध्ये त्यांनी अगदी पहिल्या, बी३५० आणि ए३२० बोर्डांनाही नवे प्रोसेसर खुले केले. एप्रिल २०२२मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डवर, बोर्डवाल्याने बायॉस दिली असेल तर, चालतो. त्या बोर्डवरचा ग्राफिक्सचा स्लॉट मात्र तिसऱ्या पिढीचाच आहे. प्रोसेसरला चौथी पिढी येते, कार्डालाही येते. मध्ये सहा-सात इंच तांब्याच्या तारा आहेत, त्या २०१७मध्ये ओढलेल्या.